ग्रेपमधला स्टार आणि फाइलनावातला स्टार

टेक्स्ट फाइलींमधून शब्द शोधणारी पहिली स्क्रिप्ट लिहिणारे जवळजवळ सगळे एकाच जागी अडकतात, आणि त्यांना तिथे नेणारं वाक्यही ठरलेलं असतं: ‘स्टार (*) म्हणजे काहीही.’ नोट्समध्ये तेच, व्हिडिओंत तेच. हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं न सांगता ते शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे; टाइप मात्र रोमनमध्येच करायच्या.)

खरा अर्धा भाग तुम्हाला येतोच. फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएस या आज्ञेला ‘एलएस काम*’ म्हटलं की कामगार, कामाची-यादी अशा ‘काम’ने सुरू होणाऱ्या फाइली दिसतात. फाइलनावांच्या अशा नमुन्याला ग्लॉब म्हणतात. इथे स्टारच्या जागी काहीही बसतं, किंवा काहीच नसलं तरी चालतं.

ग्रेप हा फाइलींमध्ये मजकूर शोधून त्या ओळी दाखवणारा प्रोग्राम. त्याला आपण शोधायला देतो तो नमुना म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. त्यातला स्टार स्वतः कशाच्याच जागी उभा नसतो. तो आधीच्या चिन्हाला चिकटतो आणि म्हणतो, हे चिन्ह शून्य वेळा, एकदा किंवा कितीही वेळा आलं तरी चालेल. यातलं ‘शून्य वेळा’ पुन्हा वाचा. घोळ तिथेच होतो.

माझी भाची आमच्या सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं चाळणारी स्क्रिप्ट लिहीत होती. नुसतं ‘पाणी’ शोधलं की ‘पाण्याची टाकी’ सुटायची, म्हणून तिने ‘पाणी*’ लिहिलं. लगेच ‘पाण्याची’, ‘पाण्यासाठी’ सगळं सापडलं आणि तिची ‘काहीही’ची समजूत पक्की झाली. मग दुरुस्तीची कामं शोधायला तिने ‘काम*’ लिहिलं, तर स्क्रीनभर कार्यकारिणी, नकार, कारण, कार पार्किंग. ‘मामा, मी काम शोधतेय, मग कार्यकारिणी का येतेय?’

कारण ‘काम*’चा अर्थ होतो: क, काना, आणि पुढे म असेल किंवा नसेल. मग ‘का’ असलेली प्रत्येक ओळ त्यात बसते. आणि पाण्याचं काय झालं होतं? आपल्या डोळ्यांना ‘पाणी’ ही दोन अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, ती चार चिन्हं आहेत: प, काना, ण, दीर्घ वेलांटी. स्टार चिकटला तो ‘णी’ला नाही, एकट्या वेलांटीला. वेलांटी नसली तरी चालेल म्हटल्यावर ‘पाण’ एवढंच पुरलं, आणि त्यातून ‘पाण्याची’ योगायोगाने हाती लागलं. सभेत कुणाचा पाणउतारा झाला असता तर तोही सापडला असता! चुकीच्या समजुतीवर बरोबर उत्तर मिळणं नवशिक्याला फार महागात पडतं. तिचे पुढचे दोन तास त्यातच गेले.

तिला हवं होतं ते फक्त ‘काम’, स्टारशिवाय. ग्लॉबला फाइलीचं नाव अख्खं जुळावं लागतं, म्हणून तिथे शेवटी स्टार लागतो. ग्रेपला ओळीत कुठेही तुकडा सापडला की पुरतं. याच कारणाने ‘.*काम.*’ असं लिहिलेलं मला खुपतं. दोन्ही बाजूंचे टिंब-स्टार तिथे काहीच काम करत नाहीत. मध्ये ‘काहीही’ हवं असेल तेव्हाच ते वापरा: ‘टाकी.*गळती’. टिंब म्हणजे कुठलंही एक चिन्ह, आणि त्याला स्टार.

एका चिन्हाचे दोन अर्थ झाले कारण त्यांची घराणीच वेगळी. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला स्टार गणिती स्टीफन क्लीनी यांच्या १९५६ च्या लेखनातून आला. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे एक निर्माते केन थॉम्पसन यांनी ती कल्पना मजकूर शोधण्यासाठी वापरली आणि १९७३ च्या सुमारास युनिक्सवर ग्रेप आलं. फाइलनावांचा विस्तार करणारा ग्लॉब हा सुरुवातीच्या युनिक्समध्ये वेगळाच प्रोग्राम होता.

आता अवतरणचिन्हं. ती गाळलेली दिसली की मला राग येतो, कारण त्यांच्याशिवाय तुमचा स्टार ग्रेपच्या आधी शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती पडतो. ‘ग्रेप काम* सभा.टीएक्सटी’ असं उघडं लिहिलंत आणि फोल्डरमध्ये कामगार.टीएक्सटी व कामाची-यादी.टीएक्सटी असल्या, तर शेल ‘काम*’च्या जागी ती दोन्ही नावं घालून आज्ञा पुढे देतं. ग्रेप पहिल्या नावाला नमुना समजतं आणि ‘कामगार.टीएक्सटी’ हा मजकूर बाकीच्या दोन फाइलींत शोधत बसतं. उत्तर कोरं येतं. अशा नावाची फाइल नसेल तर बॅश हे शेल नमुना जसाच्या तसा पुढे जाऊ देतं, म्हणून तीच स्क्रिप्ट काल चालते आणि आज चालत नाही. झेडशेल, म्हणजे २०१९ पासूनचं मॅकचं मूळ शेल, अशा वेळी सरळ थांबतं आणि काही जुळलं नाही असं सांगतं. मला तेच वागणं जास्त प्रामाणिक वाटतं.

बाकीचे फरक किरकोळ. ग्लॉबमध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे नेमकं एक चिन्ह. विस्तारित रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये आधीचं चिन्ह असो वा नसो. ग्लॉबमध्ये टिंब म्हणजे नुसतं टिंब. चौकटी कंस बहुतेक सारखेच. पायथनमध्ये ‘ग्लॉब’ आणि (रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी) ‘आरई’ ही मॉड्यूल्सच वेगळी असल्याने तिथे गोंधळ कमी होतो.

भाचीच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी ही ओळ राहिली:

ग्रेप -ई 'पाणी|पाण्या' *.टीएक्सटी

(पर्यायातला ई मोठा; त्यानेच विस्तारित रेग्युलर एक्स्प्रेशन लागू होतं.) उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. अवतरणातलं सगळं ग्रेपला जसंच्या तसं मिळतं. बाहेरचा स्टार शेलचा, त्याला अवतरण नाही, आणि तिथे ते घालायचंही नाही.