सगळ्यांनी मान्य केलं तर वाईट गोष्ट चांगली होते का?

‘बाईंनी परवानगी दिली तर वर्गात बडबड केलेली चालेल?’ असं चार-पाच वर्षांच्या मुलाला विचारा. बहुतेकदा ‘हो’ म्हणेल. ‘आणि शेजारच्याला मारायची परवानगी दिली तर?’ इथे मूल ऐकत नाही. त्याला लागेल ना, मग बाई काहीही म्हणोत! अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल यांनी 1970च्या दशकापासून अशा प्रश्नांवर काम केलं. नियम आणि नीती यांतला फरक मुलांना फार लवकर कळतो, असं त्यांना दिसलं. ही रेघ सगळ्या समाजांत एकाच जागी पडत नाही, असे आक्षेपही पुढे आले.

पण मुलांना काय वाटतं यावरून खरं काय ते ठरत नाही. 2020मध्ये तत्त्वज्ञांचं मोठं सर्वेक्षण झालं. त्यात सुमारे 62 टक्क्यांचा कल नैतिक सत्य खरोखरच असतं या बाजूला होता. तेही शेवटी मतच.

मला वाटतं, गोंधळ होतो तो ‘कुणाला वाटतं’ हे न विचारल्यामुळे. एखादीला कुणी मिठी मारलेली आवडत नाही. तिला मिठी मारणं चूक आहे, आणि ते तिच्या भावनेमुळेच चूक आहे. पण बघणाऱ्या शंभर जणांना त्यात काही वावगं वाटलं नाही, म्हणून ती चूक पुसली जात नाही. नाहीतर गुलामगिरी सर्वमान्य असताना तिला विरोध करणारेच तेव्हा चुकत होते, असं म्हणावं लागेल. ते मला अजिबात पटत नाही.

तरीही एक आव्हान उरतं, आणि ते भक्कम आहे. शॅरन स्ट्रीट या तत्त्वज्ञ 2006च्या निबंधात विचारतात: आपल्या नैतिक भावना उत्क्रांतीने घडवल्या, त्याही जगण्याच्या सोयीने. मग त्या कुठल्याशा स्वतंत्र सत्याशी नेमक्या जुळल्या कशा? निव्वळ योगायोगाने? त्यांच्या मते मूल्यं माणसाच्या स्वतःच्या वृत्तीतूनच निघतात. याची किंमतही त्या मोजतात. ज्याच्या विचारांत कुठेही विसंगती नाही आणि ज्याला छळातच आनंद आहे, अशा काल्पनिक माणसाकडे छळ थांबवण्याचं कारणच नसेल, हे त्या मान्य करतात. माझं पाऊल नेमकं तिथेच अडतं: ज्याचा छळ होतोय त्याच्या वेदनेला या हिशेबात जागा कुठे आहे?