सई हे नाव कुठून आलं आणि मुंबईत कधी रुजलं

सईबाई कोण हे सांगत बसत नाही, फलटणच्या निंबाळकरांची लेक, संभाजीराजांची आई, एवढं शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे. 1659 मध्ये त्या राजगडावर वारल्या तेव्हा संभाजीराजे अडीच वर्षांचेही नव्हते, गडाखाली पाल गावात त्यांची समाधी आहे, गडावर जाणारे बरेच जण तिथे थांबतातही. पण आज दादर-पार्ल्याच्या शाळेत हजेरी घेताना जी सई ऐकू येते तिचं नाव थेट तिथूनच आलंय असं सरसकट म्हटलं जातं ते मला पटत नाही. आपापल्या घरातल्या आज्या-पणज्यांची नावं आठवून बघा. गोदावरी, यमुना, काशी, द्वारका, सरस्वती, मग इंदू, सुमन, कुसुम, मालती, विमल. शिवाजी महाराजांचं नाव घराघरात होतं, तरी मुलींमध्ये सई शोधूनच काढावी लागते. म्हणजे नावाला इतिहास जुना, पण लोकांनी ते उचललं अगदी अलीकडे, फार तर तीस-पस्तीस वर्षांत.

मुळात सई हे विशेषनाव व्हायच्या आधी बोलण्यातलं साधं नाव होतं. संस्कृतातल्या सखीची महाराष्ट्री प्राकृतात सही झाली, त्याच भाषेतल्या गाथा सप्तशती या जुन्या काव्यसंग्रहात मैत्रिणीला हाक मारताना सहि असंच येतं, आणि पुढे मराठीत तो ह गळून सई उरली. जात्यावरच्या ओव्यांमध्ये, फुगडीच्या गाण्यांमध्ये सये, सई बाई, सयांनो हे सगळं भरून राहिलंय. बायका एकमेकींना ज्या नावाने हाक मारत होत्या तेच एका मुलीचं नाव झालं, मला हे फार सुंदर वाटतं. आणि खरं सांगायचं तर दोन-अडीच हजार वर्षांचा प्रवास करून आलाय हा एवढा छोटा शब्द. काही जण सई म्हणजे आठवण असं सांगतात, तो सय या शब्दाशी झालेला घोळ आहे, सय वेगळी आणि तिचं मूळही वेगळं. नावांच्या याद्यांमध्ये कुठे कुठे जाई-जुईच्या शेजारी बसवून सईला फूलसुद्धा करून टाकलंय, त्याला काही आधार नाही. उत्तर प्रदेशात गोमतीला मिळणारी सई नावाची एक नदी आहे, तिचाही आपल्या सईशी संबंध लावायची गरज नाही.

आपल्याला नीट माहीत असलेली पहिली आधुनिक सई म्हणजे 1938 साली जन्मलेली दिग्दर्शिका सई परांजपे. तिच्या वयाच्या बायकांच्या नावांत हे नाव किती वेगळं पडतं बघा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिचे हिंदी सिनेमे आले, त्यातल्या एकात तर मुंबईची चाळच होती, आणि पडद्यावर ते दोन अक्षरी नाव लोकांनी वाचलं. तरी त्या दशकात मुंबईत मुलींची नावं सुनीता, संगीता, वैशाली, मग पल्लवी, अश्विनी, स्वप्नाली अशीच ठेवली जात होती. नावाचं कौतुक झालं पण ठेवणारे अगदी थोडे.

बदल झाला तो नव्वदच्या दशकात, आणि हा काळ मी जवळून बघितलाय म्हणून थोडं सविस्तर. गिरगाव, परळ, लालबागमधली कुटुंबं डोंबिवली, बोरिवली, मुलुंडकडे सरकत होती, मुलं इंग्रजी माध्यमात जायला लागली होती आणि आईबापांना नाव असं हवं होतं की जे मराठीच असेल पण लांबलचक नसेल, वर्गातल्या गुजराती नि दाक्षिणात्य बाईंनाही उच्चारता येईल. दोन अक्षरी नावांची लाट आली ती तेव्हाच. जुई, ईशा, रिया, मीरा, आर्या, त्यातच सई. बारशाला आत्या कानात कुर्र करताना घरातली मोठी माणसं म्हणायची हे काय अर्धवट नाव, पुढे काहीतरी लावा, म्हणून कितीतरी सयांना पत्रिकेतलं एक भारदस्त नाव आणि हाक मारायला सई असं दोन्ही मिळालं. पत्रिकेतही अडचण नव्हती, स हे अक्षर कुंभ राशीत येतं, त्यामुळे गुरुजींनी स सांगितला की सायली, समिधा आणि सई हे तीन पर्याय समोर यायचेच. पाच-सात वर्षांनी मात्र हाकेचं नावच दाखल्यावर गेलं. मग 2008 मध्ये एका मराठी वाहिनीवर महाराजांवरची मोठी मालिका आली, त्यात सईबाई घरोघर दिसल्या, त्यानंतर ज्यांनी नाव ठेवलं ते बरेच जण सईबाईंचंच नाव ठेवलं असं सांगतात आणि ते खरंही आहे, पण तोपर्यंत नाव रुळलेलं होतं हे विसरू नये.

आता खरा गुंता, स्पेलिंगचा. देवनागरीत स आणि ई, विषय संपला. रोमन लिपीत हे लिहिताच येत नाही धड. एस ए आय लिहिलं तर अख्खा देश ते साई वाचतो, आणि मुंबईत तर वाचणारच, इथून शिर्डीला पालख्या निघतात, निम्म्या सोसायट्यांची नावं साई कृपा नि साई दर्शन आहेत, वर्गात साईराज आणि साईनाथ असतातच. दक्षिणेकडच्या मुलींच्या नावातही साई असतं, एका तिकडच्या अभिनेत्रीमुळे तर आता लोकांना वाटतं तेच हे नाव. साईचं मूळ वेगळं, ते स्वामीशी जोडलं जातं, मैत्रिणीशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून मग लोकांनी वाटा काढल्या. कुणी एस ए डबल ई, कुणी एस ए वाय डबल ई, कुणी एस ए आय ई. त्या ज्येष्ठ दिग्दर्शिकेचं आणि 2013 च्या सुमाराला मराठी सिनेमात मोठ्या झालेल्या अभिनेत्रीचं स्पेलिंग एस ए आय, तर नंतरच्या पिढीतली एक अभिनेत्री एस ए आय डबल ई लिहिते. एकाच नावाची अशी चार-पाच रूपं.

यात दोन तट आहेत. एक म्हणतो एस ए आय हेच मूळ आणि नावाजलेल्या माणसांनी वापरलेलं, ते सोडायचं कशाला, साई वाचणाऱ्याला आपण सई सांगू. दुसरा म्हणतो मुलीने आयुष्यभर किती जणांना सांगत फिरायचं, डबल ई करून मोकळे व्हा. मी दुसऱ्या तटाचा आहे, आणि त्याला कारण आहे. आमच्याच नात्यातल्या एका मुलीचा जन्माचा दाखला, त्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत नाव असतं, मराठीत सई आणि इंग्रजीत एस ए आय. शाळेत इंग्रजीवरून नाव चढलं. आधारला पण इंग्रजीच टाइप केलं आणि मराठीतलं नाव सॉफ्टवेअरने आपोआप उमटवलं, साई. काउंटरवर पावती तपासून घ्या म्हणतात पण पावती घेणाऱ्याचं लक्ष पत्त्यावर असतं, नावावर नाही. मग पुढच्या प्रत्येक मराठी फॉर्मवर ती मुलगी साई. कागदावर स ला काना लागला की मुलीचा मुलगा होतो, अक्षरशः, कारण एका ठिकाणी नावावरून लिंगाच्या रकान्यात पु. लिहून आलं. हे दुरुस्त करायचं तर प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, मग आधार, पॅन, बँक, पासपोर्ट, आणि दहावी होऊन शाळा सोडली असेल तर जनरल रजिस्टरमधलं नाव बदलायला फार त्रास. म्हणून ज्यांची मुलगी अजून लहान आहे त्यांनी शाळेच्या प्रवेशाआधी एकच स्पेलिंग ठरवावं आणि मराठी रकाना स्वतः वाचून सही करावी, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

2020 मध्ये हे नाव एकाच वर्षात दोनदा मालिकांत आलं, आणि महाराष्ट्राबाहेरही पोचलं. मार्चमध्ये एका मराठी मालिकेची नायिका सई आली आणि ऑक्टोबरमध्ये एका हिंदी मालिकेची, गडचिरोलीची डॉक्टर होऊ पाहणारी मराठी मुलगी. हिंदीवाल्यांनी ते नाव सई असंच म्हटलं, ई वर जोर देऊन, हे महत्त्वाचं होतं. लॉकडाऊनमध्ये सगळे घरी, मालिका बघणारे वाढलेले. त्यानंतर मुंबईतल्या अमराठी घरांतही हे नाव ऐकू यायला लागलंय, आमच्या कांदिवलीच्या बाजूला एका गुजराती कुटुंबातली सई रोज खाली खेळायला असते आणि तिची आई अगदी स्वच्छ सई अशी हाक मारते.

जुन्या काळात नाव न टिकायचं अजून एक कारण होतं जे फारसं कुणी बोलत नाही, लग्नात नाव बदलणं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवऱ्याने नवं नाव लिहायचं आणि माहेरची यमू सासरी लक्ष्मी व्हायची. अशा किती सया माहेरीच राहून गेल्या असतील कुणास ठाऊक. आता मुंबईत पहिलं नाव बदलणाऱ्या मुली कमीच, त्यामुळे नव्वदीतल्या सया लग्नानंतरही सईच राहिल्या. त्या आता आया झाल्यात. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आलाय. म्हणजे सई हे नाव आता पुढच्या पिढीच्या नावातही मधोमध लिहिलं जाणार, मुलग्यांच्यासुद्धा. त्यामुळे आईच्या आधारवर साई आणि तिच्या जन्मदाखल्यावर सई असेल तर तो घोळ बाळाच्या कागदापर्यंत जातो. ज्या सईला बाळ होणार असेल तिने आधारमधलं मराठी नाव हॉस्पिटलचा फॉर्म भरायच्या आधी दुरुस्त करून घ्यावं, नंतर दोघांची कागदपत्रं घेऊन फिरावं लागतं.