खंबातच्या आखातातलं ‘बुडालेलं शहर’ : हा वाद आला कुठून

२०२४च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी द्वारकेजवळ समुद्रात डुबकी मारली, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सरकारी पुरातत्त्व खात्याचे पाणबुडे तिथे परत उतरले, आणि तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपपासून ट्रेकर्सच्या ग्रुपपर्यंत एक जुना मेसेज नव्याने फिरतोय : समुद्राखाली साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं शहर सापडलंय, प्रलयात बुडालेलं, पण इतिहासकार ते दाबून ठेवतात. यातला साडेनऊ हजार हा आकडा द्वारकेचा नाहीच मुळी. तो खंबातच्या आखाताचा आहे. द्वारका सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाला, खंबातचं आखात पार पलीकडच्या अंगाला, दोन्हींची कथा वेगळी, पण दोन्ही गुजरातमध्ये आणि दोन्ही पाण्याखाली म्हणून लोकांच्या डोक्यात एक होऊन बसलीत.

द्वारकेचं आधी थोडक्यात. १९७९-८०ला मंदिराजवळ जमिनीवर खोदकाम झालं, मग ऐंशीच्या दशकात गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी पाण्यात उतरून काम केलं. दगडी नांगर मिळाले, घडीव दगड मिळाले, बेट द्वारकेला तीन तोंडांच्या प्राण्याची एक मुद्रा मिळाली. तेव्हाच्या प्रमुखांनी इ.स.पू. १५००च्या आसपासचा काळ धरला, तर नंतर त्याच संस्थेतल्या पुढच्या अभ्यासकांनी मांडलं की ते नांगर बरेच अलीकडचे, ऐतिहासिक काळातल्या बंदराचे दिसतात. म्हणजे सगळ्यात जुना दावा उचलला तरी साडेतीन हजार वर्षं होतात, साडेनऊ नाही.

आता खंबात. खरी गुंतागुंत तिथे आहे आणि माझ्या मते या सगळ्या वादात सगळ्यात जास्त नुकसान तिथल्या एका घोषणेने केलंय.

झालं असं की २०००-०१च्या सुमारास चेन्नईच्या एका सरकारी संस्थेची मंडळी आखातात प्रदूषणाची पाहणी करत होती. ही संस्था समुद्रातल्या तंत्रज्ञानाची, पुरातत्त्वाची नव्हे, हे लक्षात ठेवा. त्यांच्या सोनारवर तळाच्या चित्रात चौकोनी, रांगेतले आकार दिसले, किनाऱ्यापासून साधारण २० किलोमीटर आत, ३० ते ४० मीटर खोल, एका जुन्या बुजलेल्या नदीपात्राच्या कडेने सुमारे ९ किलोमीटर पसरलेले. मे २००१मध्ये ही बातमी जाहीर झाली. मग परत जाऊन तळ खरवडून वस्तू वर काढल्या : खापरासारखे तुकडे, दगडी हत्यारं म्हणून दाखवलेले दगड, मणी, दात, आणि एक लाकडाचा तुकडा. लाकूड दोन प्रयोगशाळांकडे गेलं. एकीकडून आलं साधारण इ.स.पू. ५५००, दुसरीकडून साधारण इ.स.पू. ७५००. आणि १६ जानेवारी २००२ला दिल्लीत केंद्रीय मंत्र्यांनी पत्रकारांसमोर जाहीर केलं की आपल्याकडे इ.स.पू. ७५००चं शहर मिळालंय. त्या वाक्यातून आज आपण वाचतो तो साडेनऊ हजार वर्षांचा आकडा निघाला.

एका लाकडाच्या दोन तारखा, मध्ये दोन हजार वर्षांचं अंतर, आणि जगासमोर गेली ती जुनी. हा निर्णय नक्की कोणी आणि कसा घेतला यावर बोलण्यापेक्षा तो घेताना काय हातात होतं ते बघूया, कारण कागदावर ते फार थोडं होतं.

पहिलं म्हणजे कार्बन डेटिंग झाड कधी मेलं ते सांगतं. झाड जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेत राहतं, मेलं की घेणं थांबतं आणि त्यातला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो, मोजणी होते ती याची. माणसाने ते लाकूड कधी तोडलं, तोडलं की नुसतं वाहून आलं, त्याचा त्या चौकोनांशी संबंध काय, हे प्रयोगशाळेला कळायचा काही मार्गच नाही. ते कळतं खोदकामातून, म्हणजे लाकूड कुठल्या थरात, कशाच्या वर, कशाच्या खाली, शेजारी चूल होती का, भिंतीत बसवलेलं होतं का. खंबातमध्ये खोदकाम झालंच नव्हतं, वस्तू तळ खरवडून एकत्र वर आलेल्या, त्यामुळे थर नावाची गोष्टच उरली नाही.

दुसरं, ते आखात. नर्मदा, तापी, मही, साबरमती या चारही नद्या तिथे गाळ आणून ओततात आणि भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी १० मीटरच्या वर जातो. आपल्याकडे मोठ्या भरतीला ५ मीटरच्या आसपास पाणी चढलं की मुंबई तुंबायची भीती सुरू होते, त्यावरून अंदाज करा. असा प्रवाह आत-बाहेर करतो तिथे खापराचा तुकडा जिथे पडला तिथेच राहील याची खात्री नाही. त्यात आखाताच्या डोक्याशी लोथल आहे, हडप्पा काळातलं गाव, चार हजारांपेक्षा जास्त वर्षं जुनं. तिथून किंवा नदीकाठच्या दुसऱ्या वस्त्यांवरून वस्तू वाहून येऊ शकतात, हा आक्षेप पुरातत्त्ववाल्यांनी तेव्हाच घेतला होता. खापरं म्हणून दाखवलेले कितीतरी तुकडे नैसर्गिक आहेत असंही काहींचं म्हणणं होतं.

तिसरं सोनारचं. साइड-स्कॅन सोनारचं यंत्र बोटीमागे दोरखंडाने ओढत नेतात, ते बाजूंना आवाज सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र बनतं, कडक तळ वेगळा दिसतो, चिखल वेगळा. जोरदार प्रवाहात ते यंत्र डुलतं, त्यातून आपोआप रेषा उमटू शकतात, आणि ज्याने शहर शोधायचं ठरवलंय त्याला त्या रेषांमध्ये गल्ल्या दिसतात. चित्र खोटं नसतं, पण ते बघून थेट स्नानकुंड आणि धान्यकोठार म्हणणं ही उडीच आहे. आणि गढूळपणा इतका की पाणबुड्याने खाली जाऊन डोळ्याने खात्री करावी तर तेही जवळपास अशक्य.

समुद्रात हजारो वर्षं जुनं लाकूड मिळणं यात काही चमत्कार नाही, हे मुंबईकरांना तर सांगायलाच नको. १८७०च्या दशकाच्या शेवटी प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली झाडांचे शेकडो बुंधे निघाले, बरेचसे मुळांसकट उभेच्या उभे, बहुतेक खैराची झाडं. पुढे अलेक्झांड्रा डॉकच्या खोदकामातही तेच. त्या जंगलाला कोणी शहर म्हटलं नाही, किनारा खचलाय किंवा पाणी चढलंय असं म्हटलं, आणि तेवढंच पुराव्यातून निघतही होतं. हिमयुग ऐन जोरात होतं तेव्हा, साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता, मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन कितीतरी मैल कोरडी होती, आणि पाणी चढत चढत आजच्या पातळीजवळ यायला बारा-तेरा हजार वर्षं गेली. काही टप्प्यांत वेग जास्त होता, तरी एका रात्रीचा प्रलय असं त्याचं रूप नाही. त्या जमिनीवर माणसं राहत नव्हती असं कोणीच म्हणत नाही. राहत असणारच. पण माणसं राहत होती आणि शहर होतं यात फार मोठं अंतर आहे आणि ते अंतर त्या दिवशी एका पत्रकार परिषदेत मिटवून टाकलं गेलं.

हा स्वभाव फक्त आपला नाही. प्रलय आणि बदललेल्या तारखा यांचं आजचं वेड सुरू झालं १९५० साली अमेरिकेत. रशियातून आलेल्या एका मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तक लिहिलं की इ.स.पू. १५००च्या आसपास गुरूतून निघालेला धूमकेतू पृथ्वीजवळून गेला, त्यातून जगभरच्या प्रलयकथा आल्या आणि तोच पुढे शुक्र झाला. १९५२ला दुसरं पुस्तक, त्यात इजिप्तचा इतिहास पाच-सहाशे वर्षं पुढे ओढलेला. खगोलशास्त्राच्या दृष्टीने हे टिकणारं नव्हतंच, नंतर ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांतही त्या काळात असं काही जागतिक संकट दिसलं नाही. पण झालं काय, काही शास्त्रज्ञांनी प्रकाशकाला धमकावलं की तुमची टेक्स्टबुकं आम्ही वापरणार नाही, आणि त्या प्रकाशकाने हातोहात खपणारं पुस्तक दुसऱ्याला देऊन टाकलं. मला ही त्या लोकांची घोडचूक वाटते. ‘दाबून ठेवतात’ हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक पर्यायी सिद्धांताच्या तोंडी आहे, आणि त्या एका बाबतीत ते खरं होतं. तिकडे तोंड बंद केलं, इकडे खंबातला अर्धवट पुराव्यावर सरकारनेच तोंड उघडलं, दोन्हीकडे तपासायचं काम बाजूलाच राहिलं.

तारखांवर खरे वाद होत नाहीत असंही नाही. भूमध्य समुद्रातल्या सांतोरिनी बेटावरचा महाभयंकर ज्वालामुखी कधी फुटला यावर पुरातत्त्ववाले आणि कार्बनवाले अजून भांडतायत, एक बाजू इ.स.पू. सोळाव्या शतकात, काही तर त्याच्याही अखेरीस, दुसरी सतराव्याच्या शेवटाकडे, आणि २००६ला राखेत गाडलेल्या ऑलिव्हच्या फांदीची तारीख आल्यावर भांडण आणखी पेटलं. पण ते आहे शंभरेक वर्षांसाठी, आणि दोघंही आपापले नमुने टेबलावर ठेवून भांडतायत.

आपल्याकडे तारखा मागे नेणाऱ्यांचं मुख्य लक्ष्य मात्र समुद्र नसून चंद्रगुप्त आहे. १७९३ला कलकत्त्यात एका इंग्रज न्यायाधीशाने सांगितलं की ग्रीकांनी अलेक्झांडरच्या काळातला म्हणून लिहून ठेवलेला राजा सँड्रोकोटस म्हणजे आपला चंद्रगुप्त मौर्य, आणि प्राचीन भारताच्या तारखा तिथे बांधल्या गेल्या. विरोधक म्हणतात तो मौर्य नव्हे, गुप्त घराण्यातला चंद्रगुप्त, आणि मग मौर्य जातात इ.स.पू. १५३४ला, बुद्ध त्याच्याही मागे. महाभारताचं तर विचारूच नका, पुराणांतल्या पिढ्यांचा एक हिशोब, ऐहोळेच्या शिलालेखाचा दुसरा, पुण्यातल्या एका डॉक्टरांनी ग्रहस्थितीवरून काढलेला इ.स.पू. ५५६१चा तिसरा.

चंद्रगुप्त एकटा हलवता येत नाही ही यातली अडचण. सकाळी विरारहून सुटणारी एक लोकल अडकली की मागच्या सगळ्या अडकतात तसं आहे हे, त्याच्याबरोबर नातू अशोक हलतो, आणि अशोकाने तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावं कोरून ठेवलीत : अंतियोक, तुरमाय, अंतेकिन, ‘मग’ नावाचा राजा आणि अलिकसुंदर. पाचही इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याला एकाच वेळी गादीवर होते. हा तेरावा लेख गिरनारला आहे, काल्सीला आहे, शाहबाजगढीला आहे. आपल्या नालासोपाऱ्याला मिळाले ते त्याच मालिकेतले, आठव्या लेखाचा तुकडा १८८२ला आणि नवव्याचा १९५६ला भुईगावला. आठव्याचा तुकडा काळा घोड्याजवळच्या संग्रहालयात बघायला मिळतो, काळा दगड, ब्राह्मी अक्षरं, कडा तुटलेल्या. त्यात राजांची नावं नाहीत, पण लेखमाला तीच आणि राजाही तोच.

तारखा बदलणाऱ्यांचं यावर उत्तर आहे की ते ग्रीसचे राजे नव्हेत, सीमेवरचे स्थानिक यवन राजे होते. पण असे पाच स्थानिक राजे, हीच नावं, हजारेक वर्षं आधी, यांचं एक नाणं की एक लेख कुठे मिळालेला नाही. उलट खऱ्या राजांची नाणी आहेत, आणि अंतियोकाच्या घराण्याची वर्षं बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर ग्रहण आणि ग्रहांच्या नोंदींसकट लिहिलेली आहेत, ज्यांचा हिशोब आज कोणीही मागे जाऊन ताडून बघू शकतो.