पिल्लाचं नाक शूत घासल्याने ते काही शिकत नाही

पिल्लाने घरात शू केली की त्याचं नाक त्यात घासायचं, वर एक फटका द्यायचा, म्हणजे ते पुन्हा करत नाही, हा सल्ला वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो चुकीचा आहे आणि पिल्लावर अन्याय करणारा आहे.

कुत्रं शिक्षेचा संबंध त्या क्षणी जे चाललंय त्याच्याशी जोडतं, अर्ध्या तासापूर्वीच्या शूशी नाही. त्याला एवढंच कळतं की फरशी ओली असली आणि माणूस आला की मार बसतो. मग ते सोफ्यामागे लपून करतं. बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही, घरात येऊन गुपचूप उरकतं.

"पण त्याला चूक कळते, बघा कसं कान पाडून बसतं!" हेही हमखास ऐकू येतं. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच तपासलं. तो अपराधी चेहरा कुत्र्याने चूक केली होती की नाही यावर नव्हे, तर मालक रागावण्यावर अवलंबून होता.

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाचा मूत्राशयावर पुरेसा ताबा आलेलाच नसतो. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्या. जमीन हुंगत गोल फिरू लागलं की उचलाच. बाहेर शू झाली की तिथल्या तिथे खाऊ द्या. घरी येऊन दिलात तर उशीर झाला. घरातला डाग एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा, अमोनियावाल्याने नको, त्याचा वास मूत्रासारखाच असतो. आणि सवय लागलेलं पिल्लू अचानक थेंब थेंब करू लागलं, तर पशुवैद्यांना दाखवा. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो.