कॉलेज सॉकर: परदेशात शिकत फुटबॉल खेळणं आणि बेळगाव सीमाभाग

कॉलेज सॉकर म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज आणि विद्यापीठांच्या टीममधून खेळला जाणारा फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिकडं सॉकर म्हणतात, आणि फुटबॉल म्हटलं की अंडाकृती बॉल हातात घेऊन पळायचा वेगळाच खेळ, त्यामुळं कोचला मेल लिहिताना सॉकर हाच शब्द वापरायचा. दुसऱ्या देशातून ॲडमिशन घेऊन डिग्री करत करत कॉलेजकडनं खेळणाऱ्याला इंटरनॅशनल स्टुडंट-ॲथलीट म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरातनं कुणाला या वाटेनं जायचं असलं तर काय काय लागतंय ते इथं मुख्यतः दिलंय.

आमच्याकडं खेळणाऱ्या पोराला घरात एक प्रश्न ठरलेला असतोय, "शिकुलालास काय खेळुलालास?" म्हणजे दोन्हीतलं एकच होणार असं धरलेलं. कॉलेज सॉकरचा सगळा डोलारा याच्या उलट उभा आहे. तिथं मार्क पडले नाहीत तर मॅचला उतरूच देत नाहीत, आणि टीममध्ये घेण्याआधी पायातला खेळ बघतात तशी मार्कशीटही बघतात.

बेळगावात फुटबॉल नवा नाही. कॅम्प भागात लष्कर, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, १८५६ साली सुरू झालेली सेंट पॉल्स शाळा, टिळकवाडीचं लेले ग्राउंड, यांच्यामुळं क्रिकेटच्या गर्दीतही फुटबॉल टिकून राहिला. एका बाजूला कोल्हापूर, जिथं तालमींच्या टीम आहेत आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार असल्या नावांवर गाव दोन भागांत वाटलं जातंय, आणि २०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. दुसऱ्या बाजूला चोर्ला घाट उतरला की गोवा. पण आपलं राज्य पडलं कर्नाटक आणि राज्याच्या टीमची निवड, मोठी लीग हे सगळं पाचशे किलोमीटरवर बेंगळुरात, त्यामुळं चांगला खेळणारा पोरगा बरेचदा बारावीनंतर दोन-तीन वर्षं या स्पर्धेतनं त्या स्पर्धेत खेळत राहतोय, लष्कर नाही तर रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागंल या आशेवर. ही दोन-तीन वर्षं पुढं किती महागात पडतात ते खाली येईलच.

अमेरिकेत हा खेळ चालवणाऱ्या मोठ्या संस्था तीन. एनसीएए सगळ्यात मोठी, तिच्यात कॉलेजांचे तीन गट, डिव्हिजन एक, दोन आणि तीन. दुसरी एनएआयए, लहान कॉलेजांची. तिसरी एनजेसीएए, म्हणजे दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांची, जिथं बरेच परदेशी खेळाडू आधी जातात, मार्क सुधारतात आणि मग चार वर्षांच्या कॉलेजात बदली घेतात. डिव्हिजन एक म्हणजे भारी आणि बाकीचं दुय्यम असं आपल्याकडं समजतात ते बरोबर नाही, डिव्हिजन दोनच्या आणि एनएआयएच्या चांगल्या टीममध्ये परदेशी खेळाडू भरपूर असतात आणि डिव्हिजन एकच्या कितीतरी टीमला ते हरवू शकतील.

परदेशी खेळाडूंचा इतिहास जुना आहे. एनसीएएची पुरुषांची पहिली स्पर्धा १९५९ साली झाली, ती सेंट लुईस विद्यापीठानं जिंकली. १९७१ ला वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठानं, म्हणजे काळ्या समाजाच्या ऐतिहासिक विद्यापीठानं, त्याच सेंट लुईसला हरवून कप घेतला. कोच त्रिनिदादचे लिंकन फिलिप्स, टीममध्ये आफ्रिका आणि कॅरिबियनची पोरं. पण खेळाडूंच्या पात्रतेच्या कागदांवरनं एनसीएएनं तो कप काढून घेतला. १९७४ ला हॉवर्डनं एकही मॅच न हरता परत जिंकून दाखवलं, परत सेंट लुईसलाच हरवून. अलीकडं २०२१ च्या मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनियाच्या मार्शल विद्यापीठानं कप जिंकला तेव्हाही टीममध्ये परदेशी खेळाडू भरपूर होते. हॉवर्डची गोष्ट इथं मुद्दाम दिली कारण कागद कच्चे असले तर मैदानावर जिंकलेलंही हातातनं जातंय.

स्कॉलरशिपबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर. "अमेरिकेत फुटबॉलवर फुल स्कॉलरशिप मिळाली" असं ऐकलं की गावभर पेढे वाटतात, पण पुरुषांच्या सॉकरमध्ये फुल स्कॉलरशिप दुर्मिळ आहे. कित्येक वर्षं डिव्हिजन एकच्या पुरुष टीमला एकूण ९.९ स्कॉलरशिपएवढेच पैसे वाटता यायचे आणि टीममध्ये पोरं पंचवीस-तीस, म्हणजे कोच तुकडे करून देणार, कुणाला अर्धी, कुणाला चतुर्थांश, कुणाला नुसती पुस्तकं. डिव्हिजन दोनला पुरुषांसाठी ही मर्यादा ९ आणि एनएआयएला १२. खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या खटल्यात जून २०२५ मध्ये कोर्टानं मान्य केलेल्या तडजोडीनंतर ज्या कॉलेजांनी ती स्वीकारली त्यांच्यावरची ही मर्यादा गेली आणि त्याऐवजी टीमच २८ जणांची ठरली, पण परवानगी आहे म्हणून कॉलेजच्या खिशात पैसे आले असं होत नाही. डिव्हिजन तीनमध्ये खेळाची स्कॉलरशिप नाहीच, तिथं मार्कांवर आणि घरच्या परिस्थितीवर मदत मिळते आणि ती कधी कधी खेळाच्या तुकड्यापेक्षा मोठी असते. म्हणून ज्या पोराला बारावीला चांगले मार्क आहेत त्याच्या हातात दोन पत्ते असतात, खेळाचा तुकडा आणि मार्कांची स्कॉलरशिप, आणि दोन्ही मिळूनच घरच्यांना झेपेल असा आकडा तयार होतो. जेवण-राहण्यासाठी स्कॉलरशिपमधनं मिळालेल्या पैशावर परदेशी विद्यार्थ्याचा साधारण १४ टक्के टॅक्स कापला जातो, हे घरी आधीच सांगून ठेवावं.

मुलींसाठी चित्र वेगळं आणि चांगलं आहे, आणि आपल्याकडं याची चर्चाच होत नाही. १९७२ चा टायटल नाइन कायदा आला, कॉलेजात मुलींनाही खेळाची बरोबरीची संधी द्यायची सक्ती झाली, आणि त्यातनं मुलींचा सॉकर वाढला. डिव्हिजन एकला पुरुषांच्या टीम दोनशेच्या आसपास तर मुलींच्या साडेतीनशेच्या आसपास, आणि स्कॉलरशिपची जुनी मर्यादाही पुरुषांच्या ९.९ समोर १४. मुलींची एनसीएए स्पर्धा १९८२ ला सुरू झाली आणि त्यातले २२ कप एकट्या नॉर्थ कॅरोलायनानं घेतले. भारताकडनं खेळलेली दालिमा छिब्बर कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या टीममध्ये होती, गोलकीपर अदिती चौहान इंग्लंडला लफबरो विद्यापीठात शिकायला गेली आणि २०१५ ला तिथल्या वेस्ट हॅम क्लबच्या महिला टीमकडनं खेळली. खानापूरकडच्या एखाद्या शाळेत मुलांबरोबर खेळणारी मुलगी असेल तर तिच्या आईवडिलांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

आता कागद. एनसीएएच्या पात्रता केंद्राकडं नाव नोंदवावं लागतं, नववीपासूनच्या मार्कशीट द्याव्या लागतात आणि मूळ कागद इंग्रजीत नसेल तर मूळ आणि भाषांतर दोन्ही. सीमाभागात हे जरा गुंतागुंतीचं होतं कारण एकाच पोराचे कागद मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तिन्ही असू शकतात, शाळेचा दाखला मराठी, दुसरं काही कन्नड, आणि तिन्हीकडं नावाचं स्पेलिंग वेगळं. पासपोर्टवर आहे तसंच नाव सगळीकडं करून घ्यायला दहावीतच लागावं. डिव्हिजन एकसाठी १६ कोअर विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (४ पैकी धरलेली मार्कांची सरासरी) लागतो, डिव्हिजन दोनला २.२. कोअर म्हणजे इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असले विषय, धंदेशिक्षणाचे विषय त्यात धरत नाहीत, म्हणून दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमाला जाण्याआधी याचा विचार करावा. एसएटी या अमेरिकन प्रवेश परीक्षेची सक्ती एनसीएएनं २०२३ पासनं काढली, कॉलेज स्वतः मागू शकतं. टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगोची इंग्रजी परीक्षा मात्र बहुतेक ठिकाणी द्यावीच लागते, आणि मराठी माध्यमातनं आलेल्या पोराला तिच्यासाठी वर्षभर आधी तयारी पाहिजे.

आणि वर सांगितलेली, बारावीनंतर स्पर्धा खेळण्यात जाणारी ती दोन-तीन वर्षं. डिव्हिजन एकच्या सॉकरमध्ये बारावीनंतर एका वर्षाची सवलत असते, त्यानंतरही संघटित स्पर्धा खेळत राहिलं तर खेळायच्या चार वर्षांतली वर्षं कापली जातात. व्यावसायिक क्लबचा करार, पगार किंवा खर्चापेक्षा जास्त बक्षिसाची वाटणी घेतली असेल तर हौशीपणावर प्रश्न येतो, म्हणून कुठल्या स्पर्धेत काय मिळालं त्याची नोंद ठेवावी आणि विचारल्यावर खरं सांगावं. एजंट स्कॉलरशिपच्या टक्केवारीवर फी मागत असेल तर त्याला दारातनंच परत पाठवायचं, टक्केवारी दिली तर पोराची पात्रताच धोक्यात येते, ठरलेली एकच फी चालते. खरं तर एजंट नसला तरी चालतंय. दहावी झाल्यानंतरच्या १५ जूनपासून डिव्हिजन एकचे कोच खेळाडूशी थेट बोलू शकतात, त्याआधीही पोरानं स्वतः मेल पाठवायला हरकत नाही. सोबत चार मिनिटांचा व्हिडिओ आणि एक पूर्ण मॅच जोडावी, आणि माझ्या मते पूर्ण मॅचच जास्त महत्त्वाची, कारण बॉल पायात नसताना पोरगा काय करतो ते त्यातच दिसतं. शूटिंग उंचावरनं करावं, जवळच्या घराची गच्ची मिळाली तर उत्तम.

कॉलेजचा आय-ट्वेंटी, म्हणजे ॲडमिशनचा व्हिसासाठी लागणारा कागद आला की ३५० डॉलरची सेविस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) भरून एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसाची मुलाखत, बेळगाववाल्यांना त्यासाठी मुंबई किंवा हैदराबाद सोयीचं. टीमचा सराव ऑगस्टच्या सुरुवातीलाच चालू होतो, त्यामुळं बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ सुरू केली तर उशीर होतो.

खेळातही फरक आहे. घड्याळ उलटं, ४५ वरनं शून्याकडं येतं. पहिल्या हाफमध्ये बाहेर आलेला खेळाडू त्या हाफमध्ये परत जाऊ शकत नाही, पण दुसऱ्या हाफमध्ये बाहेर आलेला एकदा परत जाऊ शकतो, त्यामुळं ताजे पाय सतत येतात आणि वेग उतरतच नाही. तांबड्या मातीवर खेळलेल्याला गवत आणि टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, नवीन, आणि अंगाला अंग लावून खेळणं फार. सीझनमध्ये सराव आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, एक दिवस सुट्टी, आणि व्हिसासाठी सेमिस्टरला १२ क्रेडिटचा, म्हणजे पूर्णवेळ अभ्यास चालू ठेवायलाच लागतो. परवानगीशिवाय कॉलेजबाहेर नोकरी करता येत नाही. २०२१ पासनं अमेरिकन खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातीतनं कमावतात, एफ-वनवाल्याला तिथं राहून तसं काम करणं धोक्याचं.

सीझन ऑगस्टअखेरपासनं नोव्हेंबरपर्यंत, पुढं गेलं तर डिसेंबरात फायनल. म्हणजे बेळगावचा गणपती आणि दिवाळी, दोन्ही चार वर्षं टीमसोबत. उन्हाळ्यात चांगले खेळाडू तिकडंच यूएसएल लीग टू या उन्हाळी लीगमध्ये खेळतात, कॉलेजची पात्रता न जाता खेळता येतं म्हणून. त्यामुळं पोरगं घरी येणार ते डिसेंबर-जानेवारीच्या महिनाभराच्या सुट्टीत.