‘सहा हजारवाला दाखवा’ : मोठ्या बॅटरीच्या स्वस्त फोनमागचा हिशेब

नागपुरात सीताबर्डीच्या मोबाइल दुकानात कुणी ‘सहा हजारवाला दाखवा’ म्हणाला, तर तो किमतीबद्दल बोलत नसतो. त्याला सहा हजार एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती विद्युतभार मावतो याचं माप) बॅटरी हवी असते. दहा ते पंधरा हजार रुपयांच्या फोनमध्ये हा एक आकडा कॅमेरा, रॅम, प्रोसेसर या सगळ्यांच्या पुढे गेला, तो गेल्या दहा-बारा वर्षांत. या आकड्यातून नेमकं काय कळतं हे मात्र गिऱ्हाईकाला क्वचितच सांगितलं जातं.

बटणांच्या फोनच्या काळात हा प्रश्नच नव्हता. २००३ च्या नोकिया ११०० मध्ये अवघी ८५० एमएएचची बॅटरी होती आणि ती आठवड्याच्या आसपास जायची, कारण पडदा ९६ बाय ६५ ठिपक्यांचा, काळा-पांढरा होता. विदर्भातल्या गावांमध्ये लोडशेडिंग तासन्‌तास चालायचं. तिथे फोन इतके दिवस टिकणं आणि त्यात टॉर्च असणं ही दोन्ही मोठीच सोय होती. बॅटरी उतरलीच तर ती काढून दोन पिनांच्या युनिव्हर्सल चार्जरला लावायची आणि दुसरी फोनमध्ये टाकायची. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाच्या बीएल-५सी या बॅटरीबद्दल इशारा आला. एका पुरवठादाराने बनवलेल्या ४.६ कोटी बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात, असं जाहीर झालं आणि देशभर लोकांनी फोन उघडून बॅटरीच्या पाठीवरचे क्रमांक तपासले. बॅटरीच्या पाठीवर काय छापलंय ते सामान्य माणसाने वाचण्याची ती बहुधा पहिली वेळ. पुढे फोनची पाठच बंद झाली आणि ते वाचणंही संपलं.

टचस्क्रीन आल्यावर १२०० ते १५०० एमएएचचे फोन दुपारीच मान टाकू लागले. त्यावरचा पहिला उपाय म्हणून ‘बॅटरीवाला फोन’ अशी वेगळी जात निघाली: २०१३ चा लेनोव्हो पी७८० चार हजारचा, २०१४ चा जिओनी एम२ बेचाळीसशेचा, आणि २०१६ च्या सुरुवातीला भारतात आलेला झेनफोन मॅक्स पाच हजारचा. शेवटचा तर केबल लावून दुसऱ्याचा फोनही चार्ज करायचा. हे फोन जाड, जड आणि चिपच्या बाबतीत साधे होते. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे, दिवसभर फिरतीवर असणारे, रात्रीच्या गाडीने मुंबई-पुण्याला जाणारे असा त्यांचा गिऱ्हाईक ठरलेला होता. बाकीचे लोक पॉवर बँक घ्यायचे.

बॅटरीवाला फोन सगळ्यांचा झाला तो २०१६-१७ मध्ये. सप्टेंबर २०१६ पासून फोर-जी डेटा काही महिने फुकट मिळाला. लोक फोनवर सिनेमे, क्रिकेट, गाणी पाहू लागले. पडदा चार-चार तास पेटता राहू लागला. बॅटरीवर खरा भार पडतो तो या पेटत्या पडद्याचा.

त्याच सुमारास चिपमध्ये झालेला बदल जाहिरातीत कमी आणि वापरात जास्त दिसला. २०१६ च्या रेडमी नोट ३ मध्ये ४०५० एमएएच होते, जानेवारी २०१७ च्या रेडमी नोट ४ मध्ये ४१००. वाढ पन्नासची, सव्वा टक्का. तरी नोट ४ स्पष्टपणे जास्त टिकायचा. पहिल्याची चिप २८ नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर बनलेली होती, दुसऱ्याची १४ नॅनोमीटरच्या. हा आकडा लहान म्हणजे चिपचे भाग बारीक, त्यामुळे तेवढ्याच कामाला वीज कमी लागली. श्रेय मात्र ‘बॅटरी दमदार आहे’ म्हणून बॅटरीला मिळालं. पुढच्या सगळ्या आकडेवारीच्या शर्यतीचं मूळ माझ्या मते या गैरसमजात आहे.

पडद्याची गोष्टही अशीच आहे. २०१८ पासून स्वस्त फोनचे पडदे ‘साडेपाच’चे ‘सहा’ आणि मग ‘साडेसहा’ इंचांचे झाले. पण इंच मोजतात ते कर्णात. साडेपाच इंची, १६:९ (उंची आणि रुंदीचं प्रमाण) पडद्याची रुंदी २.७० इंच भरते. साडेसहा इंची, २०:९ पडद्याची रुंदी २.६७ इंच. म्हणजे पडदा रुंद झालाच नाही, फक्त उंच झाला. १६:९ चा व्हिडिओ आडवा धरून पाहिला तर नव्या फोनवर तो जुन्यापेक्षा किंचित लहानच दिसतो, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. फायदा झाला तो वाचताना आणि फोन उभा धरून चॅट-रील पाहताना. एकूण क्षेत्रफळ १२.९ वरून १५.८ चौरस इंचांवर गेलं, म्हणजे उजळवायचा भाग सुमारे २२ टक्क्यांनी वाढला. वाढलेल्या बॅटरीतला एक वाटा इथेच खर्च होतो. म्हणूनच बहुतेक कंपन्यांनी या किमतीत पडदा मोठा केला पण ठिपके कमी केले. साडेपाच इंचांवर १९२० बाय १०८० होते, साडेसहा इंचांवर १६०० बाय ७२० आले. इंचाला चारशेच्या जागी २७० ठिपके. अक्षरं थोडी भुरकट दिसतात, पण चिपला कमी ठिपके रंगवावे लागतात आणि पॅनलही स्वस्त पडतं. ज्याला दिवस काढायचा आहे त्याच्यासाठी हा सौदा बरा आहे. बारीक अक्षरांच्या पीडीएफवर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये गॅलेक्सी एम३०एस सहा हजार एमएएच घेऊन आला आणि पाच हजार ही ‘किमान अपेक्षा’ झाली. एप्रिल २०२० पासून मोबाइलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. पाठोपाठ टाळेबंदीत शाळा फोनवर आली आणि घरातल्या एकाच फोनवर दोन मुलांचे तास होऊ लागले. दर वाढलेले, गरजही वाढलेली. अशा वेळी मोठा पडदा आणि मोठी बॅटरी याच दोन गोष्टी पालक विचारत होते. त्या वर्षाअखेर दहा हजारांच्या आसपासही सहा हजारवाले फोन मिळू लागले.

आता त्या आकड्याकडे येऊ, कारण सगळा गुंता तिथेच आहे.

एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-तास. हे विद्युतभाराचं माप आहे, ऊर्जेचं नाही. ऊर्जा काढायची तर त्याला व्होल्टने गुणावं लागतं आणि उत्तर वॅट-तासांत येतं. सहा हजार एमएएच गुणिले ३.८५ व्होल्ट म्हणजे २३.१ वॅट-तास. नोकिया ११०० चा हिशेब ८५० गुणिले ३.७, म्हणजे ३.१ वॅट-तास. फोन किती टिकेल हे वॅट-तास ठरवतात. खोक्यावर मात्र एमएएच मोठ्या अक्षरांत असतात आणि वॅट-तास असतात ते आत, बॅटरीच्या अंगावर, पाठ उघडल्याशिवाय न दिसणाऱ्या जागी.

यातून तीन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, पॉवर बँक. दहा हजारच्या पॉवर बँकेने पाच हजारचा फोन दोनदा भरेल असं सगळे धरतात. त्या दहा हजाराचा हिशेब आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर केलेला असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. बाहेर ५ व्होल्टवर देताना सुमारे १५ टक्के वाटेत जातात आणि ३१ च्या आसपास उरतात. फोनच्या १९ वॅट-तासांच्या बॅटरीत भरताना पुन्हा घट होऊन सुमारे २२ लागतात. म्हणजे एकदा पूर्ण आणि वर निम्म्याहून थोडं कमी. पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून सहा हजारांच्या आसपासचा आकडा असतो, तो खरा धरावा.

दुसरं, यूएसबी मीटर. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा हा छोटा मीटर काहीशे रुपयांत मिळतो. पाच हजारचा फोन शून्यापासून शंभरपर्यंत भरला की तो ४४०० च्या आसपास दाखवतो आणि मालक ‘बॅटरी कमी दिली’ म्हणून दुकानात भांडायला येतो. मीटरने मोजलेले एमएएच ५ व्होल्टचे असतात, बॅटरीचे ३.८५ च्या आसपासच्या व्होल्टचे. जलद चार्जर ९ व्होल्टवर चालला तर तोच मीटर अडीच हजारच्या खालचा आकडा दाखवेल. मीटरवरची वॅट-तासांची ओळ वाचा, त्यातून १० ते १५ टक्के घट वजा करा, मग तुलना करा.

तिसरं आणि सगळ्यात वादाचं म्हणजे ‘टिपिकल’ की ‘रेटेड’. कारखान्यातून निघणाऱ्या बॅटऱ्यांची सरासरी क्षमता म्हणजे टिपिकल. प्रत्येक बॅटरीने किमान इतकं द्यायलाच हवं, असा हमीचा आकडा म्हणजे रेटेड. तो ठरवताना बॅटरी साध्या तापमानात, पाच तासांत संपेल इतक्या संथ गतीने रिकामी करून मोजतात. सहा हजार टिपिकलची रेटेड क्षमता ५८०० च्या थोडी वर असते. फरक दोन-तीन टक्क्यांचा, वापरात न जाणवणारा. कंपन्यांचं म्हणणं असं की सरासरी ही खोटी नव्हे आणि गोल आकडा समजायला सोपा. यातलं पहिलं खरं आहे. पण ज्याच्या हाती सरासरीपेक्षा कमी क्षमतेची बॅटरी पडली त्याला दाद मागायची तर रेटेडचाच आधार आहे, आणि तोच आकडा तारांकित तळटीपेत ढकलला जातो. बॅटरी काढता येत होती तोवर गिऱ्हाईक छापलेला आकडा स्वतः पाहू शकत होता. पाठ बंद झाल्यावर रेटेड क्षमता आणि वॅट-तास खोक्यावर ठळक यायला हवे होते. ते आले नाहीत, ही या सगळ्या प्रवासातली मोठी चूक वाटते. सोयीचं असतं तेव्हा कंपन्या ऊर्जेच्याच भाषेत बोलतात. जलद चार्जिंगच्या काही फोनमध्ये २२५० एमएएचचे दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. भार २२५० चाच राहतो, व्होल्ट दुप्पट होतात, पण खोक्यावर समतुल्य म्हणून ४५०० लिहितात. ते योग्यच आहे. मग वॅट-तास लिहायला काय हरकत आहे?

नागपूरच्या उन्हाळ्याचा परिणाम कुठल्याच आकड्यात धरलेला नसतो. लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची नेहमीची वरची मर्यादा ४५ अंश आहे, आणि नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बाहेरची हवाच त्या घरात असते. दुचाकीच्या हँडलला फोन लावून नकाशा पाहत डिलिव्हरी करणाऱ्याच्या फोनवर ऊन, जीपीएस आणि पूर्ण उजेडाचा पडदा हे तिन्ही एकदम पडतात. आधी पडदा आपोआप मंद होतो, मग चार्जिंग थांबतं. हा बिघाड नसतो, फोन स्वतःला वाचवत असतो. कव्हर काढावं, सावलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवावा. फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नये, आत बाष्प धरतं. हळूहळू होणारं नुकसान यापेक्षा मोठं आहे. पूर्ण भरलेली बॅटरी ४० अंशांत वर्षभर ठेवली तर तिची सुमारे ३५ टक्के क्षमता जाते. ४० टक्के भरलेली ठेवली तर सुमारे १५. त्यामुळे एप्रिल ते जून ‘८० टक्क्यांवर थांबवा’ ही सेटिंग असेल तर चालू ठेवावी आणि कूलर लागलेल्या खोलीत, गादी-उशीवर न ठेवता चार्ज करावं. बॅटरी मोठी असण्याचा खरा उपयोग इथे आहे. सहा हजारच्या ८० टक्क्यांतही दिवस निघतो.

सहा हजारवाल्यांच्या पहिल्या पिढीतल्या अनेक फोनसोबत १० वॅटचा चार्जर यायचा. २३ वॅट-तास भरायला त्याला तीन तासांहून जास्त लागतात. फुटपाथवरची बारीक तारेची केबल वापरली तर आणखी. दोन अँपिअर वाहताना ०.३ ओहमची केबल ०.६ व्होल्ट खाते, फोनला पाचऐवजी ४.४ व्होल्ट मिळतात आणि तो स्वतःच प्रवाह कमी करतो. चार्जिंग अचानक मंदावलं तर आधी केबल बदलून पाहावी, मग जॅकमधला कचरा लाकडी काडीने काढावा, आणि त्यानंतरच चार्जिंगचा सब-बोर्ड, म्हणजे जॅक बसवलेली आतली छोटी पट्टी, बदलण्याचा विचार करावा.

बॅटरी बदलताना वजन करावं. या बॅटऱ्या किलोला साधारण २५० ते २७० वॅट-तास साठवतात, म्हणून सहा हजारची अस्सल बॅटरी ८५ ते ९५ ग्रॅम भरायला हवी. त्याच आकाराची कॉपी साठ ग्रॅम भरली तर वर काहीही छापलेलं असो, ती चार हजारची आहे. फुगलेली बॅटरी काढताना पत्र्याची पट्टी घालून उचकू नये. बॅटरीखालच्या ओढपट्टीनेच काढावी, नाहीतर पडद्याचा फोल्डर (काच आणि डिस्प्लेचा जोड) आतून दाबला जाऊन रेघा येतात आणि बॅटरीच्या खर्चात फोल्डरची भर पडते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी सुरू झालं तेव्हा एका कंपनीच्या पहिल्या आठ शहरांत नागपूर होतं. शहराबाहेर, सिग्नल अर्धवट असेल तिथे फोन फोर-जी आणि फाइव्ह-जीत उड्या मारत बसतो आणि बॅटरी उतरते. काटोल-उमरेडकडे रोज जाणाऱ्याने नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘फोर-जी’ निवडून पाहावं.

२०२५ मध्ये या वर्गाच्या आसपास सात हजार एमएएच आले, ते सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्यांमुळे. बॅटरीच्या ग्राफाइटच्या ऋणाग्रात (उणे टोकात) सिलिकॉन मिसळलं की तेवढ्याच जागेत जास्त लिथियम मावतं, पण सेलचं सरासरी व्होल्टेज थोडं उतरतं. त्यामुळे एमएएच जितके वाढलेले दिसतात तितके वॅट-तास वाढत नाहीत. मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २० वॅट-तासांपर्यंतच्या सेलना सूट आहे, आणि पाच हजार एमएएचची बॅटरी (३.८५ व्होल्टने) १९.२५ वर, त्या रेषेच्या जरा आत बसते. युरोपात काही मॉडेल भारतातल्यापेक्षा लहान बॅटरीसह विकली जातात, त्यामागे ही रेषाही आहे. तिथे जून २०२५ पासून फोनच्या खोक्यावर एका चार्जवर किती तास आणि किती चार्जपर्यंत ८० टक्के क्षमता टिकते हे लेबलवर छापावं लागतं. सीताबर्डीच्या काउंटरवरच्या खोक्यावर अजून एमएएचच असतात. तोवर दुकानदाराला विचारायचे प्रश्न दोन: रेटेड किती, आणि चिप किती नॅनोमीटरची?