एका स्क्रीनवर अनेक विंडो : गर्दी कशी आवरावी

टास्कबारवर पंधरा-वीस विंडो उघड्या असल्या की हवी ती शोधण्यातच वेळ जातो, आणि ती सापडेपर्यंत चालू कामाचा धागा तुटलेला असतो. यावर लगेच दुसरा मॉनिटर घ्यायची गरज नाही. लागणारी सोय विंडोजमध्ये आधीपासूनच आहे, वेगळे सॉफ्टवेअर टाकावे लागत नाही. खालील कृती विंडोज १० आणि ११ साठी आहेत. फरक असेल तिथे तसे सांगितले आहे.

दोन विंडो शेजारी शेजारी

विंडोज की दाबून धरा आणि डावा बाण दाबा. चालू विंडो डाव्या अर्ध्यात बसते, उजवीकडे बाकीच्या विंडोंची छोटी चित्रे येतात. हव्या त्या चित्रावर क्लिक केले की ती विंडो उरलेल्या जागेत बसते. आता दोन्हींच्या मधली सीमा माउसने ओढा. एक रुंद होते तशी दुसरी आपोआप अरुंद होते. स्कॅन केलेले बिल बघत एक्सेलमध्ये आकडे भरायचे असतील, तर बिलाला एक तृतीयांश जागा पुरते. डाव्या बाणानंतर वरचा बाण दाबला, तर विंडो पाव भागात जाते. विंडोज ११ मध्ये विंडोज की आणि झेड दाबल्यास मांडणीचे तयार नमुने समोर येतात.

मात्र स्क्रीनची रुंदी आधी बघा. १३६६ पिक्सेलच्या स्क्रीनचा अर्धा भाग ६८३ पिक्सेलचा होतो. तेवढ्यात अनेक वेबसाइट मोबाइलसारख्या दिसू लागतात आणि एक्सेलची बटणे आक्रसतात. १९२० ची स्क्रीन असूनही जागा अपुरी वाटत असेल, तर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’, ‘डिस्प्ले’ इथे ‘स्केल’, म्हणजे अक्षरे आणि बटणे किती मोठी दाखवायची ते, तपासा. १५० टक्क्यांवर ती स्क्रीन १२८० रुंदीची असल्यासारखी वागते, १२५ टक्क्यांवर १५३६ ची. अक्षरे नीट वाचता येत असतील तर १२५ ठेवा.

कामागणिक वेगळा डेस्कटॉप

खरा फायदा इथे आहे. विंडोज की, कंट्रोल आणि डी एकत्र दाबा : नवा, रिकामा डेस्कटॉप, म्हणजे विंडो मांडायला आणखी एक स्वतंत्र पडदा, तयार होतो. विंडोज की आणि कंट्रोल धरून डावा-उजवा बाण दाबला की एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर जाता येते. विंडोज की आणि टॅब दाबल्यावर सगळे डेस्कटॉप एकत्र दिसतात. तिथेच विंडो ओढून दुसऱ्या डेस्कटॉपवर टाकता येते आणि डेस्कटॉपच्या नावावर क्लिक करून ते बदलताही येते.

वाटणी प्रोग्रामनुसार करू नका, कामानुसार करा. ‘एकावर ब्राउझर, दुसऱ्यावर एक्सेल’ असे केले तर दर मिनिटाला उड्या माराव्या लागतात. हिशेबाच्या डेस्कटॉपवर हिशेबाला लागणारे सगळे ठेवा, म्हणजे एक्सेल, बँकेची साइट आणि बिलांचा फोल्डर, पत्रव्यवहार दुसऱ्यावर. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि एन दाबून प्रत्येक डेस्कटॉपवर त्याची स्वतंत्र विंडो उघडा. तीन डेस्कटॉप बहुतेकांना पुरतात. त्याहून जास्त केले की कुठे काय ठेवले तेच आठवत नाही. विंडोज ११ मध्ये प्रत्येकाला वेगळे पार्श्वचित्र द्या, आपण कुठे आहोत ते नजरेला लगेच कळते.

कॅल्क्युलेटर किंवा चॅटसारखी विंडो सगळीकडे हवी असेल, तर विंडोज की आणि टॅब दाबून तिच्या चित्रावर उजवी क्लिक करा आणि ती सर्व डेस्कटॉपवर दाखवण्याचा पर्याय निवडा.

नेहमी येणाऱ्या अडचणी

विंडो ‘गायब’ झाली : बहुतेक वेळा ती दुसऱ्या डेस्कटॉपवर असते. टास्कबार आणि ऑल्ट-टॅब (ऑल्ट धरून टॅब दाबल्यावर येणारी विंडोंची यादी) मुळात फक्त चालू डेस्कटॉपच्याच विंडो दाखवतात. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’, ‘मल्टिटास्किंग’ इथे हे बदलता येते. आमच्या मते टास्कबार आहे तसाच ठेवावा, नाहीतर तीच गर्दी परत येते. ऑल्ट-टॅब मात्र सर्व डेस्कटॉपसाठी करायला हरकत नाही.

डेस्कटॉप बंद केला, कामाचे काय : काही जात नाही. त्यावरच्या विंडो शेजारच्या डेस्कटॉपवर येतात. याचाच दुसरा अर्थ असा, की डेस्कटॉप बदलल्याने किंवा बंद केल्याने मेमरी मोकळी होत नाही. नजरेआडचे प्रोग्रामही चालूच असतात. संगणक मंद वाटला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘मेमरी’च्या रकान्यात कोण किती खाते ते बघा.

रीस्टार्टनंतर : डेस्कटॉप आणि त्यांची नावे राहतात, पण विंडो आपापल्या जागी परत येतील असे धरून चालू नका. बंद करण्यापूर्वी फाइली सेव्ह करा.

बाण दाबूनही विंडो सरकत नाही : ‘मल्टिटास्किंग’मध्ये ‘स्नॅप’चा, म्हणजे विंडो अर्ध्या किंवा पाव भागात बसवण्याच्या सोयीचा, स्विच बंद असू शकतो. ठरावीक आकाराच्या काही विंडो मुळातच बसत नाहीत. गेमिंग कीबोर्डवर विंडोज की बंद करणारे बटणही असते, तेही तपासा.

दुसरा मॉनिटर काढल्यावर विंडो स्क्रीनबाहेर राहिली : ऑल्ट-टॅबने ती निवडा, मग विंडोज की आणि शिफ्ट धरून डावा किंवा उजवा बाण दाबा. तरी आली नाही तर ऑल्ट आणि स्पेस दाबून एम दाबा, कोणताही बाण एकदा दाबा आणि माउस हलवा. विंडो माउसला चिकटून येते. हवी तिथे क्लिक करून सोडा. ती पूर्ण पसरवलेली असेल तर ‘मूव्ह’चा पर्याय फिकट दिसतो, आधी त्याच मेनूतून ‘रिस्टोर’ करा.